तुटलेला स्पार्क प्लग हेडमधून काढताना

प्लग तुटताना फार आवाज होत नाही. हाताखाली घट्ट असलेला पाना एकदम हलका होतो, आपण ‘सुटला एकदाचा’ म्हणून गोटी (पान्याचं सॉकेट) वर काढतो आणि तिच्यात अर्धाच प्लग असतो. आमच्या घरच्या जुन्या हॅचबॅकचा तिसऱ्या सिलिंडरचा प्लग असाच गेला. चूक माझीच. गाडी नुकतीच गावाहून आलेली, इंजिन तापलेलं, आणि पाऊस यायच्या आत काम उरकायची घाई. पण खरं काम वाढवलं ते पुढच्या पाच मिनिटांत. आतली चिनीमाती मी स्क्रूड्रायव्हरने टोकरली, आणि चुरा उडवायला वरून हवा मारली. प्लग अर्ध्या दिवसात निघाला असता. तो चुरा सिलिंडरमधून काढायला दोन दिवस गेले.

म्हणून पहिली पायरी: पाना खाली ठेवा आणि बॉनेट उघडं टाकून चहा प्या. तुटलेला प्लग कुठे पळून जात नाही. यापुढे जे काही कराल ते करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, ‘यातून खाली पिस्टनवर काय पडेल?’ पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम याच प्रश्नावरून ठरलेला आहे.

नेमका कुठे तुटला आहे?

प्लगचे ढोबळ तीन भाग धरा. वर पांढरी चिनीमाती, म्हणजे इन्सुलेटर. मध्ये पाना लागतो ते षटकोनी डोकं. खाली आट्यांची पोलादी नळी, तिच्या टोकाला वाकडा इलेक्ट्रोड. डोकं आणि नळी एकाच तुकड्यातून घडवलेली असतात, पण डोकं आणि आटे यांच्या मधल्या भागात पोलाद पातळ असतं आणि जोर लावला की प्लग तिथेच तुटतो.

टॉर्च आणि छोटा आरसा घ्या, किंवा मोबाइलला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा. तो आता स्वस्तात मिळतो आणि या कामात त्याचे पैसे एका दिवसात वसूल होतात. खाली डोकावून पाहा.

फक्त चिनीमाती तुटली असेल आणि षटकोन शाबूत असेल, तर तुम्ही नशीबवान आहात. बहुतेक वेळा हे गोटी तिरकी बसल्यामुळे होतं. प्लग नेहमीसारखाच फिरवून निघणार आहे, फक्त त्याआधी सफाई हवी.

षटकोन निखळून आला आणि आट्यांची नळी हेडमध्येच (सिलिंडरवरच्या झाकणात) राहिली, तर ते खरं दुखणं. लेखाचा मोठा भाग त्यावरच आहे. यात पुन्हा दोन प्रकार. नळीच्या आत चिनीमाती अजून आहे का, की ती वरच्या तुकड्याबरोबर निघून आली आणि आरपार भोक दिसतं आहे? हे नीट पाहून ठेवा. भोक बंद असेल तर वरून हवा मारली तरी चालते. भोक उघडं असेल तर हवा मारायची नाही म्हणजे नाही, फक्त ओढून घ्यायचं.

बाहेर आलेला तुकडा फेकू नका. नव्या प्लगशेजारी वर्तमानपत्रावर ठेवा. शेवटी हिशेब लावायचा आहे: वरचा तुकडा, खालचा तुकडा आणि चिनीमातीचे कपचे जोडून पूर्ण प्लग झाला पाहिजे. जे कमी पडेल ते सिलिंडरमध्ये आहे असं समजायचं.

परदेशातल्या वाचकांसाठी थोडं आडवळण. अमेरिकेत २००४ ते २००८ च्या फोर्ड एफ-१५० मधलं ५.४ लिटरचं तीन व्हॉल्व्हचं ट्रायटन इंजिन असेल, तर तुमचा मामला वेगळा. त्या प्लगची खालची लांब नळी वेगळी बसवलेली असते. तिला आटे नसतात, ती काजळीने हेडला चिकटते आणि वरचा भाग फिरवताना मागे राहते. ती फिरवून नाही, वर ओढून काढावी लागते, आणि त्यासाठी खास ओढणी मिळते. खाली दिलेली पद्धत तिथे लावू नका.

हाताशी काय हवं

रॅचेट, लांब एक्स्टेन्शन, आत रबर किंवा चुंबक असलेली प्लगची गोटी (१६ किंवा २१ मिमी, काही नव्या गाड्यांना १४), गंज सोडवणारं डब्ल्यूडी-४० सारखं तेल, घरचा व्हॅक्यूम क्लीनर, मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी, ग्रीस, डोळ्यांना चष्मा, आणि हार्डवेअरच्या दुकानात ‘इझी-आऊट’ म्हणून मिळतो तो एक्स्ट्रॅक्टर. इझी-आऊट दोन प्रकारचे असतात. एक स्क्रूसारखा उलट्या पिळाचा, दुसरा चार कडांचा, निमुळता, चौकोनी. प्लगसाठी मी चौकोनीच घेतो. पिळाचा एक्स्ट्रॅक्टर जितका घट्ट होतो तितका पाचरीसारखा आत घुसतो आणि प्लगची पातळ नळी फुगवून हेडमध्ये आणखी आवळतो. चौकोनी कडा नळीत रुततात आणि बाहेरच्या बाजूला त्या मानाने कमी रेटतात.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. रात्रभर म्हटलं तरी हरकत नाही. ॲल्युमिनियम उष्णतेने पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणजे हिशेबाने तापलेल्या हेडमध्ये प्लग ढिला असायला हवा. पण तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे मऊही असतात. ते प्लगच्या पोलादाला धरतात आणि ओरबाडले जातात. मग प्लगबरोबर आटेही हातात येतात.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गाडी सीएनजीची असेल तर टाकीची झडप बंद करा. कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देतात त्या) काढताना कुठली कुठल्या सिलिंडरची ते चिकटपट्टीवर लिहून लावा.

पिस्टन कुठे आहे?

ही पायरी बहुतेक जण गाळतात. आत काही पडलंच, तर ते पिस्टनच्या माथ्यावर, भोकाच्या जवळ पडलेलं परवडतं. तो तळाला असेल तर तुकडा हाताबाहेर जातो. आणि एखादा व्हॉल्व्ह उघडा असेल तर चिनीमातीची कपची त्याच्या बैठकीवर जाऊन बसते. म्हणून पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद, म्हणजे कॉम्प्रेशनच्या (आतली हवा दाबली जाते त्या) टप्प्याच्या शेवटी, अशी जागा हवी.

ती सापडवायची कशी? बाकीच्या सिलिंडरांचे चांगले प्लग आधी काढून घ्या. ते निघणार असतील तर आताच निघू देत. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन चालताना फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. बाकी सिलिंडर आता उघडे आहेत, त्यामुळे पाना हलका फिरेल. ज्या सिलिंडरमध्ये तुटका प्लग भोक बंद करून बसला आहे, तिथेच काय तो दाब तयार होईल. पाना जड लागायला लागला की पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतो आहे. जडपणा सर्वांत जास्त लागेल तिथे थांबा. भोक उघडं असेल तर टिश्यू पेपरचा बोळा प्लगच्या भोकाच्या तोंडाशी धरा. फुस्स करून तो उडाला की तीच खूण.

सफाई, मग तेल, मग वाट

मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत प्लग हेडच्या बाजूला, हाताशी असतात. आताच्या चार व्हॉल्व्हच्या इंजिनांत ते हेडच्या मधोमध खोल विहिरीत बसतात. त्या विहिरीत काय काय साठतं ते पाहिलं की प्लग का अडकला याचं उत्तर मिळतं. कॉइलचं रबर जुनं झालं की पाणी उतरतं, विशेषतः इंजिनावर प्रेशरचं पाणी मारून धुण्याची हौस असेल तर. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत तो गंज आणखी पक्का होतो. विहिरीत तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटबरोबरची सिलं गेली आहेत, तीही यादीत घ्या.

आधी व्हॅक्यूम. क्लीनरच्या तोंडाला कापडी टेप लावून सलाईनची नळी बसवा आणि विहिरीच्या तळापर्यंत फिरवा. चिनीमातीचा प्रत्येक कण निघाला पाहिजे. ही साधी कपबशीची माती नाही, ॲल्युमिनाची बनलेली असते, पोलादापेक्षा कितीतरी कठीण. पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये एक कण अडकला तर रेघोट्या ओढत जातो. तळ स्वच्छ झाला आणि भोक बंद असल्याची खात्री पटली की मगच चष्मा लावून हवा मारा.

मग तेल. विहीर भरायची नाही, तुटक्या कडेवर चार-पाच थेंब. तासाभराने पुन्हा, झोपण्याआधी पुन्हा, सकाळी पुन्हा. जास्त ओतलं तर ते झिरपून पिस्टनवर साठतं, आणि द्रव दाबला जात नाही. तसंच प्लग बसवून स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

षटकोन शाबूत असेल तर

गोटी सरळ, पूर्ण खोल बसवा. एक्स्टेन्शन एका हाताने मधोमध धरा आणि दुसऱ्या हाताने रॅचेट फिरवा. जोर पिळण्यात जायला हवा, वाकवण्यात नाही. जरासा हलला की खूश होऊन फिरवत सुटू नका. अष्टमांश फेरा सोडा, पुन्हा आवळा, तेलाचे दोन थेंब, पुन्हा सोडा. ‘कुईं’ असा आवाज आला तर आटे कोरडे आहेत. थांबा, तेल टाका, दहा मिनिटं जाऊ द्या. दर वेळी थोडं पुढे जायचं. एका प्लगला अर्धा तास लागला तरी लागू दे. इम्पॅक्ट गन या कामाला अजिबात लावू नका, नाहीतर शाबूत षटकोन हातात येईल आणि पुढचा भाग वाचावा लागेल.

नुसती नळी उरली असेल तर

आत चिनीमाती असेल तर ती आधी काढावी लागते, नाहीतर एक्स्ट्रॅक्टर शिरणार कुठे? दिलासा एवढाच की इन्सुलेटर प्लगमध्ये वरून बसवलेला असतो आणि नळीच्या आतल्या पायरीवर टेकलेला असतो. त्यामुळे अखंड इन्सुलेटर खाली पडू शकत नाही, तो वरच येणार. त्याला धरून ठेवणारी वरची कड षटकोनाबरोबर निघून गेली आहे. लांब तोंडाच्या नोज प्लायरने धरून सरळ वर ओढा. धरायला जागा नसेल तर त्याच्या खुंटावर घट्ट बसेल असा पेट्रोलच्या रबरी पाइपचा तुकडा दाबून बसवा आणि जरा फिरवत ओढा. टोकरू नका. फोडायची वेळ आलीच तर व्हॅक्यूमची नळी चालू ठेवून, अगदी हलक्या ठोक्यांनी, आणि आत काहीतरी पडलं आहे असं गृहीत धरूनच पुढे जा.

भोक मोकळं झालं की एक्स्ट्रॅक्टर निवडा. नळीत साधारण अर्धा जाऊन घट्ट बसेल असा हवा. फार बारीक घेतला तर तो खालच्या पायरीत अडकतो, फार जाड घेतला तर नळीच्या ओठावरच कडा मारून घसरतो. टोकाला ग्रीस फासा, म्हणजे सुटणारा कीस त्याला चिकटेल. विहिरीतून सरळ धरा, छोट्या हातोडीने तीन-चार हलके ठोके द्या. हाताला आणि कानाला कळतं: आधी भसाभसा लागतं, मग एकदम टणक ‘टक्’ होतं. तिथे थांबा. त्यानंतरचा प्रत्येक ठोका नळी फुगवतो.

आता टॅपचं (आटे पाडायच्या हत्याराचं) हँडल, म्हणजे दोन दांड्यांची टी. रॅचेट नको, कारण ते एकाच बाजूने ओढतं. टी दोन्ही हातांनी समान दाबाने डावीकडे. सुरुवातीला काहीच होत नाही. जोर वाढवत नेण्याऐवजी थोडा दाब द्या, पाच सेकंद धरा, सोडा, उजवीकडे किंचित द्या, पुन्हा डावीकडे. मध्ये तेल. हलला की तीच अष्टमांश फेऱ्याची पद्धत. माझा प्लग चाळीसेक मिनिटं नुसता बसून होता, आणि मग लोण्यातून निघावा तसा आला. वाकडा इलेक्ट्रोड नळीलाच जोडलेला असतो, तो बरोबर बाहेर येतो. नाही आला तर शोधा.

कुठे थांबायचं? एक्स्ट्रॅक्टर पिळवटल्यासारखा, स्प्रिंगसारखा परत येऊ लागला की थांबा. तो कडक पोलादाचा असतो. आत तुटला तर साधं ड्रिल त्याला चावत नाही, आणि आतापर्यंतचं तुमचं घरचं काम हेड उतरवण्याचं काम होऊन बसतं.

तरीही निघत नसेल तर

जुने मिस्त्री करवतीच्या पात्याचा तुकडा हातात धरून नळीला आतून एक-दोन खाचा पाडतात आणि मग बारीक छिन्नीने कड आत दुमडतात. नळी सैल होते. पद्धत खरी आहे, मी पाहिली आहे, पण खाच पोलादातून ॲल्युमिनियममध्ये कधी उतरली ते हाताला कळत नाही, आणि कीस सगळा खाली. हेड खोलून टेबलावर असेल तरच हे करावं असं माझं मत.

प्लग बाजूला, हाताशी असलेल्या इंजिनांत नळीच्या कडेवर नट ठेवून मिग वेल्डिंगने जोडता येतो. पोलाद पोलादाला धरतं, ॲल्युमिनियमच्या हेडला ते वेल्ड चिकटत नाही, आणि वेल्डिंगच्या झळीने गंजाची पकडही सुटते. नट गार झाला की पान्याने फिरवायचा. पण हे काम रोज वेल्डिंग करणाऱ्याचंच. बॅटरी सोडवलेली, ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) कनेक्टर काढलेला, आणि पेट्रोलच्या वासाचा मागमूस नको. खोल विहिरीच्या इंजिनात हा मार्ग जवळजवळ बंदच असतो.

याच्याही पुढे गेलं तर हेड उतरवून मशीन शॉपमध्ये द्यायचं. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. हेड गॅस्केटचा खर्च नव्या हेडपेक्षा फारच थोडा.

आत काय पडलंय?

नळी निघाली तरी प्लग बसवायची घाई नको. तुकड्यांचा हिशेब लावा. एंडोस्कोप आत सोडून पिस्टनचा माथा कडेकडेने पाहा. चुंबकाची कांडी फिरवा, पण लक्षात ठेवा की चुंबकाला फक्त पोलाद लागतं. चिनीमाती आणि ॲल्युमिनियमचा कीस त्याला ओळखत नाहीत. त्यांच्यासाठी दोन उपाय: व्हॅक्यूमला जोडलेली सलाईनची नळी, आणि टोकाला ग्रीसचा गोळा लावलेली बारीक प्लास्टिकची कांडी. कॅमेऱ्यात पाहत पाहत कपची टिपायची. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे.

मग आटे. बहुतेक गाड्यांत ते १४ मिमी व्यासाचे आणि १.२५ मिमी पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) असतात, काहींत १२ मिमीला १.२५, आणि अलीकडच्या छोट्या प्लगांत १० मिमीला १.०. नव्या प्लगवर आट्यांचा गेज लावून खात्री करा. पुन्हा आटे पाडायचे नाहीत, फक्त साफ करायचे आहेत, म्हणून मिळाला तर थ्रेड चेझर घ्या. टॅप वापरायचा तर त्याच्या खोबणींत ग्रीस ठासून भरा, आणि त्याआधी क्रँक फिरवून पिस्टन खाली न्या, नाहीतर टॅपचं टोक पिस्टनला लागेल. हाताने, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. दोन फेऱ्यांनंतर काढा, पुसा, नवं ग्रीस. साफसफाईनंतर आटे वाहून गेलेले दिसले तर हेलिकॉइल बसवावी लागेल. जुनं भोक मोठं करून त्यात पोलादी आट्यांची गुंडाळी बसते आणि चांगली बसवली तर मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते. पण ड्रिल तिरकं गेलं तर प्लग तिरका बसेल, म्हणून तेही लेथवाल्याकडूनच.

आता सगळे प्लग बाहेर ठेवून, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढलेल्या अवस्थेत, बॅटरी जोडून चार-पाच सेकंद स्टार्टर मारा. विहिरींवर जुनी चादर टाका आणि चेहरा लांब ठेवा. साठलेलं तेल फवाऱ्यासारखं बाहेर येतं.

नवा प्लग

मॅन्युअलमध्ये दिलेल्याच नंबरचा, गॅप (टोकाच्या इलेक्ट्रोडमधली फट) तपासलेला. प्लग खाली सोडून देऊ नका, गॅप मिटते. त्याच रबरी पाइपच्या तुकड्यात वरचं टोक खोचा आणि पाइप बोटांनी फिरवत प्लग आट्यांत लावा. आटा तिरका लागला तर पाइप प्लगवर घसरतो, आणि तुम्हाला आपोआप इशारा मिळतो. प्लग पूर्ण टेकेपर्यंत बोटांनीच जायला हवा.

आटे कोरडे ठेवा. आटे चिकटू नयेत म्हणून लावतात त्या तांबड्या-रुपेरी अँटी-सीझ पेस्टचा मोह होईल, आत्ताच पोळल्यामुळे जास्तच. पण एनजीकेसारखे उत्पादक आपल्या मुलामा दिलेल्या प्लगांना ती लावू नका असं सांगतात. पेस्टमुळे घर्षण कमी होतं, टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) योग्य आकडा दाखवत असतानाच प्लग प्रत्यक्षात जास्त ताणला जातो, आणि मग तीच पातळ मान पुन्हा तुटते. गॅस्केटचा वायसर असलेल्या १४ मिमी प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. टॉर्क पाना नसेल तर नवा वायसर टेकल्यानंतर १४ मिमी प्लगला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वायसर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला फक्त सोळांश. तिथे अर्धा फेरा दिला तर पुढच्या वेळी हा लेख पुन्हा उघडाल.

सगळे कनेक्टर लावा, सीएनजीची झडप बंदच राहू द्या आणि गाडी पेट्रोलवर चालू करा. पहिला मिनिटभर निळसर धूर येईल, ते राहिलेलं तेल जळतं आहे. त्या सिलिंडरच्या विहिरीशी कान द्या. ‘फस् फस्’ असा लयीत आवाज आला तर प्लग नीट टेकलेला नाही. इंजिन बंद करा, थंड होऊ द्या, मगच पुन्हा हात लावा. टक्-टक् असा कोरडा ठोका ऐकू आला तर एक सेकंदही न थांबता चावी फिरवून इंजिन बंद करा. हिशेबातला एखादा तुकडा अजून आत आहे.